अनहुक बॅक रोल: एका मोसमाच्या नोंदी

९ नोव्हेंबर

काईटसर्फिंगमधलं या मोसमाचं काम ठरलं: अनहुक बॅक रोल, म्हणजे काईट चालवायचा बार कंबरेच्या हार्नेसवरच्या हुकमधून सोडवून, नुसत्या हातांत धरून, हवेत मागे घेतलेला फेरा. आधी डावीकडे जाताना, मग उजवीकडे.

हुकमध्ये राहून बॅक रोल येतो. तिथे काईट १२ वर, म्हणजे डोक्यावर, नेला की तोच वर उचलतो, हवेत भरपूर वेळ मिळतो आणि फेरा रेंगाळत घेतला तरी पुरा होतो. अनहुकमध्ये काईट १०:३० ते ११ च्या मध्ये कुठेतरी स्थिर ठेवायचा असतो. वर उचलणारं कोणी नाही. उडी निघते ती बोर्डाच्या कडेतून आणि पायांतून, आणि एरवी हुकमार्फत कंबरेला बसणारी सगळी ओढ दोन हातांत येते. फेरा तोच, पण हुकमधल्या सवयी इथे किती चालतील याची शंकाच आहे.

घड्याळाचा हिशेब असा: वारा पाठीवर घेऊन उभं राहिलं की डोक्यावर १२, डावीकडे पाण्यालगत ९, उजवीकडे पाण्यालगत ३. नोंदी डावीकडे जाण्याच्या आहेत. उजवीकडे जाताना ११ च्या जागी १ वाचायचं.

एस-बेंड, म्हणजे रेले या ताणलेल्या उडीतच घेतलेला फेरा, आधी शिकावा असंही काही जण म्हणतात, कारण तो रेलेतूनच निघतो आणि रेले मला बऱ्यापैकी येतो. मला ते पटत नाही. रेलेत अंग आणि हात मागे ताणून सोडायचे असतात. त्या ताणलेल्या अवस्थेत फिरायचं म्हणजे बार डोक्याच्या पलीकडे. पुढे कधीतरी हात बदलायचे, म्हणजे हवेत बार पाठीमागून एका हातातून दुसऱ्यात द्यायचा असेल तर बार अंगाजवळ ठेवण्याची सवय आधी लागलेली बरी.

११ नोव्हेंबर

आज फक्त सामान.

रोजचा बो काईट, म्हणजे चपट्या आकाराचा, या कामातून बाद. २००५ च्या सुमारास ब्रुनो लेगैनूचे बो काईट आले आणि खेळ एकदम सुरक्षित झाला: बार पुढे सोडला की ओढ जवळजवळ नाहीशी. फुगवायच्या काईटचं मूळ पेटंटही याच ब्रुनोचं आणि त्याचा भाऊ डोमिनिक याचं, १९८४ चं. पण बोचा हा मोठा गुण अनहुकमध्ये कामाचा नाही. हुक सुटला की चिकन लूप (हुकमध्ये अडकणारी बारखालची कडी) वर सरकून बारला टेकतो, म्हणजे काईटच्या दृष्टीने बार पूर्ण आत ओढलेला. बो काईट अशा वेळी गुदमरतो, मागे सरकत खाली बसतो, शिवाय हातांवर त्याचा भार फार. सी-काईटचा आकार खोल, टोकं उभी. बार आत असतानाही तो उडत राहतो. आणि पॉपनंतर, म्हणजे बोर्डाच्या कडेवरून उसळी घेतल्यावर, तो क्षणभर थांबल्यासारखा होतो, दोऱ्या ढिल्या पडतात. हात बदलणारे सगळे खेळाडू त्या ढिलाईवर जगतात. २००४ ते २००८ अशी सलग पाच वर्षं ॲरन हॅडलोने पीकेआरए या व्यावसायिक स्पर्धामालिकेचं जगज्जेतेपद घेतलं त्या काळचे व्हिडिओ पाहिले की काईट किती खाली ठेवतात हे पहिल्यांदा डोळ्यांत भरतं.

तर ९ मीटरचा (म्हणजे चौरस मीटर) सी-काईट, २२ मीटरच्या दोऱ्या. बोर्ड जुनाच, पावलं अडकवायच्या पट्ट्यांचा. बूट नंतर बघू. बुटात पाय अडकलेले असताना पालथं पडायची घाई नाही.

ट्रिम: किनाऱ्यालगत हुकमध्येच राहून बार पूर्ण आत ओढला आणि तसाच धरून ठेवला. काईट मागे सरकायला लागला की ट्रिमची पट्टी थोडी ओढायची, म्हणजे पुढच्या दोऱ्या आखूड होतात. पुन्हा बार आत, पुन्हा बघायचं. बार आत असताना काईट कितीही वेळ जागेवर राहिला की झालं. त्या जागी पट्टीवर पक्क्या शाईने खूण केली.

चिकन लूप हुकमधून निसटू नये म्हणून असते ती प्लास्टिकची नळी बाजूला फिरवली. लीश, म्हणजे मला काईटशी जोडणारी सुरक्षेची दोरी, काईटच्या पुढच्या एका दोरीवरच ठेवली आहे, म्हणजे बार हातातून गेला तर काईट पाण्यावर पडून निपचित होतो. अख्ख्या बारला लीश लावायची पद्धत, जिला सरळ ‘सुसाइड’ म्हणतात, ती हात बदलणाऱ्यांसाठी. त्यात बार सुटला तरी काईट ओढतच राहतो. या मोसमात हात बदलायचा नाही, त्यामुळे ती जोखीम घ्यायचं कारणच नाही. फक्त लीश जरा लांब घेतली, नाहीतर फेऱ्यात ती मांडीला गुंडाळते.

हेल्मेट, इम्पॅक्ट जॅकेट. बरगड्या आपल्याच आहेत.

१६ नोव्हेंबर

वारा ८ नॉट. पाण्यात काही होणार नाही.

झाडाच्या फांदीला दोर, दोराला जुना बार. मागे रेलून भार घेतला आणि बार डाव्या कमरेशी खेचून पावलांवर गोल फिरायचं, एवढंच. बार कमरेशी राहिला की दोर अंगाच्या मध्याजवळून जातो आणि मी फिरू शकते. कोपर सरळ झाले की दोर खांद्यांना धरून मला परत समोर वळवतो. जमिनीवर हे इतकं ढळढळीत दिसतं की पाण्यात ते का करता येणार नाही असं वाटतं. बार कमरेवर कसा बसायला हवा? कळशी घेतल्यासारखा. नुसता जवळ नाही, टेकलेला.

२३ नोव्हेंबर

१५ नॉट, पाणी सपाट. दिवसभर फक्त हुक काढणं आणि लावणं.

काढताना: काईट ११ वर, गुडघे वाकवून बोर्ड क्षणभर वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा जातो तिकडे, उतरवायचा म्हणजे ताण कमी होतो, दोन्ही हातांनी बार पोटाकडे, लूप आपोआप खाली निसटतो. हात बारच्या मध्याजवळ, दोन्हींत वीतभर अंतर. हात लांब लांब ठेवले की कोणता तरी एक जास्त ओढतो आणि काईट वळतो.

लावताना घाई झाली की लूप हुकच्या खालून जातो. काईट आधी १२ कडे न्यायचा, ओढ हलकी होऊ द्यायची, मग लूप. खाली न बघता लावता आला पाहिजे.

कोपरापुढचे हात दोन दिवस दुखणार.

३० नोव्हेंबर

१९ नॉट. पॉप, फेरा नाही.

अनहुक केल्यावर बोर्ड जरासा उतरवून वेग घ्यायचा आणि मग वाऱ्याकडे, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, जोरात कड मारायची: बोर्डाची कड पाण्यात रोवून वळायचं. वळणाचा चाप हळूहळू आवळत जायला हवा: आधी रुंद वळण, शेवटी अगदी टोकदार. दोऱ्या ताणत जातात आणि ताण सर्वात जास्त असतो त्या क्षणी मागचा पाय पूर्ण सरळ. पाय लवकर मारला तर ताण भरलेलाच नसतो, उशिरा मारला तर वेग मेलेला असतो. मधली खिडकी लहान आहे, पण आवाजावरून कळते. कड बरोबर बसली की बोर्डाखालचं फसफसणं थांबून सुरी ओढल्यासारखा एकसंध आवाज येतो.

काईट ११:३० च्या वर गेला तर उचलतो, पण मग हात वर, मी लोंबकळते, दोऱ्या ढिल्या पडतच नाहीत. १० च्या खाली गेला तर नुसतं फरफटणं. १०:३० ते १०:४५ आज सर्वात चांगलं वाटलं.

माझी समजूत होती की पॉप म्हणजे पायाची ताकद. तशी ती नाही. ताकद कड धरून ठेवण्यात जाते. पाय फक्त दार उघडतो.

७ डिसेंबर

२० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. आज पहिल्यांदा फेऱ्यासकट.

पाठीवर पडणं. पुन्हा पाठीवर. मग कुशीवर. मैत्रीण किनाऱ्यावरून फोनवर सेकंदाला १२० फ्रेमने चित्रण करत होती. बाहेर आल्यावर तिचं पहिलं वाक्य: “अगं, तू पाण्यातच फिरतेस.”

फ्रेम एकेक करून पाहिलं तर खरंच. पुढच्या खांद्यावरून मागे बघायचं हे डोक्यात इतकं पक्कं होतं की कड अजून पाण्यात असतानाच मान वळते. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की बोर्ड चपटा होतो, बोर्ड चपटा झाला की दोऱ्यांतला ताण गळून जातो. वर जायला काही उरतच नाही. जे होतं तो बॅक रोल नाही, पाण्याच्या पृष्ठभागावरची गिरकी आहे.

हुकमध्ये हे खपून जातं कारण काईट वर उचलून उशीर भरून काढतो.

१० डिसेंबर

११ नॉट. काही नाही.

१४ डिसेंबर

१८ ते २०, झोत कमी. आज डोक्याला काम नाही असं ठरवून गेले. मान सरळ, नजर काईटच्या खालच्या पाण्यावर, फक्त कड आवळत न्यायची आणि पाय.

आणि गंमत अशी की फेरा तरीही सुरू होतो. विचार केला तर कारण साधं आहे. बॅक रोलमध्ये पुढचा खांदा वाऱ्याकडे, म्हणजे मागे जातो. वाऱ्याकडे कड मारताना बोर्ड आणि कंबर त्याच दिशेने वळत असतात. बोर्ड पाण्यातून सुटतो त्या क्षणी अंगात ते वळण आधीच भरलेलं असतं. हवेत गेल्यावर ढकलायला खाली काही नाही. अंगातलं वळण वाढवणारं किंवा कमी करणारं बाहेरचं एकच साधन उरतं, ते म्हणजे दोऱ्यांची ओढ. मान वळवून फेरा ‘सुरू’ करायचा नसतो. मान पॉपनंतर वळवायची ती उतरायची जागा शोधायला.

जितका चाप शेवटी टोकदार, तितका फेरा वेगात. आज दोनदा तीन चतुर्थांशापर्यंत पोचले. दोन्ही वेळा त्या जागी फेरा भिंतीवर आपटल्यासारखा थांबला. का ते अजून नीट दिसलेलं नाही, पण बारवर संशय आहे.

२१ डिसेंबर

पुन्हा फोन, पुन्हा फ्रेम.

बारच. पॉपच्या वेळी बार डाव्या कमरेशी छान असतो. डोकं खाली आणि पाठ काईटकडे अशी अर्ध्या फेऱ्याची अवस्था येते तिथे तो पोटापासून सुटतो, छातीसमोर जातो, पुढच्या दोन-तीन फ्रेममध्ये कोपर सरळ. मग झाडाखाली झालं तेच: दोऱ्या खांद्यांना धरून ठेवतात आणि फेरा अडतो. वर अंग लांब झालेलं, म्हणून उरलेलं फिरणंही मंद. गुडघे पोटाशी घेतले की फिरणं वेगवान होतं हे पाण्यात सूर मारणाऱ्या कोणालाही माहीत असतं. इथे गुडघे आवळलेले होते, पण हात त्यांच्या विरुद्ध काम करत होते.

बार का सुटतो? दोन कारणं दिसतात. एक, त्या क्षणी काईट दिसत नाही, आणि दिसत नसलेली वस्तू हात शोधायला जातात. दुसरं जास्त खरं असावं: ओढ जास्त आहे. अनहुकमध्ये बार बाहेर सोडून ओढ कमी करता येत नाही, ट्रिमवर जी ठरवली तीच. हुकमध्ये आरामात वाटणारा काईट इथे एक माप मोठा पडतो.

ट्रिम खुणेच्या पुढे बोटभर ओढला. काईट जरा वेगाने पुढे पळतो, पण हातांत हलका.

२८ डिसेंबर

२४ नॉट. ९ मीटर घेऊन निघाले होते, किनाऱ्यावरच परत ठेवला. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो; १९ वरून २४ म्हणजे त्याच काईटवर जवळजवळ ६० टक्के जादा ओढ. आकड्यांत वारा ‘थोडाच’ जास्त दिसतो, हातांना तो थोडा लागत नाही.

७ मीटर काढला. छोटा काईट चपळ, जागेवर थांबत नाही, पॉपच्या ऐन वेळी १२ कडे धावतो. खांद्याला एक हिसका बसला तसं थांबले. उरलेला वेळ हुकमध्ये.

४ जानेवारी

खांद्याला विश्रांती. झाडाखाली: डोळे मिटून बार कमरेशी ठेवून फिरणं. मागचा हात बार कमरेला दाबतो, पुढचा फक्त साथीला. पुढच्या हाताने खेचायला गेलं की बार तिरका होतो, आणि तिरका बार म्हणजे वळणारा काईट. हे पाण्यात कधीच लक्षात आलं नसतं.

११ जानेवारी

१८ नॉट, एकसारखा. ९ मीटर, नवी ट्रिम.

पूर्ण फेरा. उतरले बोर्डावर, आणि पुढच्या क्षणी तोंडावर.

पण फेरा पूर्ण! बार सुटला नाही, उलटं असताना कमरेवर त्याचा दाब जाणवत होता. काईट दिसत नव्हता आणि त्याने काही बिघडलं नाही. मध्येच एक क्षण हातांतली ओढ जवळजवळ गेली, दोऱ्या ढिल्या. हीच ती थांबण्याची जागा. आधी ती कधी आलीच नव्हती कारण काईट नेहमी जरा वर असायचा.

उतरण्याचा प्रश्न वेगळा आहे. ओढ वाऱ्याच्या दिशेने येते. बोर्ड आडवा टेकला की पुढची कड पाण्यात रुतते आणि वरचं अंग पुढे जातं. बोर्डाचं टोक वाऱ्याच्या दिशेला, सरळ खाली, असं टेकलं पाहिजे. मग ओढ तोंडावर पाडण्याऐवजी पुढे घेऊन जाते. म्हणजे फेरा अंगाने पूर्ण करायचा आणि वर कंबरेने आणखी थोडा.

१८ जानेवारी

१९ नॉट. आज नजर.

तीन चतुर्थांशाला पाणी दिसायला लागतं. तिथे नजर पाण्यावर न ठेवता वाऱ्याच्या दिशेला लांब टाकली की कंबर मागोमाग येते आणि टोक खाली वळतं. गुडघे मऊ. टेकल्यावर बोर्ड पळू द्यायचा, लगेच कड मारायची नाही. हुकमध्ये उतरल्याबरोबर कड मारायची सवय आहे, ती इथे घातक. ढिल्या दोऱ्या परत ताणतात तेव्हा मी कडेवर असेन तर बार हातातून जातो. आज गेला. काईट निपचित पडला, लीशने आपलं काम केलं, पुन्हा उठवून निघाले.

शेवटी शेवटी उतरून चालू राहिलेला पहिला. फार खाली, फार घाईचा, पण उतरून काईट १२ कडे, हुक आत, पुढे.

मैत्रिणीने चित्रण केलं नाही, तिचे हात गारठले होते. असू दे.

२५ जानेवारी

१६ नॉट, ९ मीटरला कमी. कमी ओढीत तो फेरा जास्त स्वच्छ होतो असं दिसलं, उंची मात्र नाही. शिकताना हेच चांगलं. जोरदार वाऱ्यात उंची घेऊन शिकावं हा सल्ला मिळाला होता. उंचीने वेळ मिळतो हे खरं, पण त्या वेळात हात हरतात.

८ फेब्रुवारी

मधल्या काळात डावीकडचा फेरा बसला. रोज नाही, पण जो पडतो तो का पडला हे पाण्यातून बाहेर यायच्या आत कळतं.

उजवीकडे सुरुवात. सगळं पुन्हा: मान लवकर वळते, बार छातीवर येतो, तेच ते. बार दाबण्याचं काम आता दुसऱ्या हाताकडे आलं, आणि तो हात आजवर साथीलाच होता. शिवाय उजवीकडे जाताना माझी कड मुळातच आळशी आहे. हुकमध्ये ती कधी जाणवली नाही. दोन आठवडे फेरा बंद, फक्त उजवीकडचे पॉप.

२२ फेब्रुवारी

२० नॉट. उजवीकडे एक पूर्ण, टोक खाली, उतरून चालू. डावीकडच्यापेक्षा उंच! कारण उघड आहे: दोन आठवडे मी त्या बाजूला कडेशिवाय काहीच केलं नव्हतं. म्हणजे डावीकडे आता तेच करायला हवं.

१ मार्च

पुढचं काम बॅक-टू-ब्लाइंड: हाच फेरा, पण शेवटी आणखी अर्धं वळण घेऊन काईटकडे पाठ करून उतरायचं, बार पाठीमागे कमरेला, मग एक हात सोडून समोर यायचं. त्यासाठी बदल: लीश हार्नेसच्या मागच्या बाजूला सरकणाऱ्या कडीवर, लूप मोठ्या मापाचा, ट्रिम सध्या आहे तिथेच. झाडाखाली सुरुवात पाठ वळवून उभं राहण्यापासून. १७ नॉटच्या वर ब्लाइंड करून बघायचं नाही. बूट अजूनही नाहीत.

डावीकडच्या कडेचे पॉप आधी, दर वेळी पाण्यात गेल्यावर पहिला अर्धा तास.